काळ्या पिशवीतलं गवत

माझा राग नाकावर असतो, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. नाकावर असलेला बरा, निदान समोरच्याला दिसतो तरी. पोटात राग ठेवून गोड बोलणारी माणसं मी ऑफिसात रोज बघते, मला ते जमत नाही आणि जमवायचंही नाही.

कारेगावजवळच्या एका कंपनीत मी अॅडमिनला आहे. वीस वर्षं झाली. अॅडमिन म्हणजे ज्या कामाला कुणी वाली नाही ते काम. कँटीनच्या भाजीत केस निघाला, बोलवा हिला. बस चुकली, बोलवा हिला. आणि ऑफिसच्या समोर जे अर्ध्या एकराचं लॉन आहे, तेही माझ्याच गळ्यात. त्यावर कुणी बसत नाही, कुणी चालत नाही. साहेबांच्या केबिनच्या काचेतून ते हिरवं दिसलं पाहिजे, एवढ्यासाठी त्याला रोज सकाळ-संध्याकाळ फवाऱ्यानं पाणी.

दर शनिवारी ठेकेदाराची माणसं मशीन घेऊन येतात. मशीन पुढे गवत कापतं आणि मागे लावलेल्या पिशवीत गोळा करतं. ती भरली की काळ्या प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत रिकामी करायची, वरून पायानं दाबायची, तोंड दोरीनं आवळायचं. लॉनवर एक काडी उरता कामा नये, असं ठेक्याच्या कागदात लिहिलंय. ती ओळ मीच टाइप केली होती, साहेबांनी सांगितली म्हणून.

भरलेल्या पिशव्या कंपनीच्या मागच्या भिंतीपलीकडे, ओढ्याच्या काठाला पडायच्या. तिथे त्या फुगायच्या, फुटायच्या, काळं पाणी सोडायच्या. कुणाची तरी गाय यायची आणि गवताबरोबर प्लास्टिकही खाऊन जायची. कधी कुणी काडी लावायचं. ओलं गवत धड पेटत नाही, नुसतं धुमसतं, आणि धूर कँटीनमध्ये शिरला की तक्रार पुन्हा माझ्याच टेबलावर. ठेकेदाराला विचारलं की तो म्हणायचा, "मॅडम, गेटाच्या बाहेर टाकलं ना, मग आपला काय संबंध?" या वाक्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

कारण मी धनगराची मुलगी आहे. चारा फेकलेला मला बघवत नाही. हे कुणी शिकवलं नाही, ते अंगातच असतं. आमच्यात वाटेवर पेंढीतनं पडलेली काडीही उचलून जनावराच्या पुढ्यात टाकतात. आणि इथे उन्हाळ्याच्या तोंडावर, आमच्या गावात हिरवं पान औषधाला मिळत नाही, तेव्हा आठवड्याला आठ-दहा पिशव्या हिरवागार चारा ओढ्यात. माझं गाव कंपनीपासून आत चार किलोमीटरवर. तिथे माझी सासू काठीनं बाभळीच्या शेंगा झोडत फिरायची, आणि मी एसीत बसून गवत फेकल्याच्या कागदावर सह्या करायची.

सासूला मी आत्या म्हणते. आमच्याकडे तशी रीतच आहे, पण ती माझी खरोखरचीही आत्या, वडिलांची धाकटी बहीण. तिची तीस वर्षं मेंढरांच्या मागे चालण्यात गेली. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात, पावसाच्या आत परत वर. मधे दौंडकडच्या पट्ट्यात मुक्काम. ऊस तुटून गेलेल्या रानात शेतकरी मेंढरं बसवायला बोलवायचे. रानातच जाळं लावून कळप चार-चार दिवस ठेवायचा, म्हणजे लेंड्या आणि मूत तिथल्या तिथे मुरतं. वर्षाचं खत झालं. मोठमोठे बागायतदार आत्याच्या सासऱ्यांना वाट बघायला लावायचे नाहीत, उलट स्वतः येऊन वाट बघत बसायचे. हे सगळं आता संपलं. रानं प्लॉट झाली, वाटांना कुंपणं पडली. आम्ही घर बांधून एका जागी बसलो, आणि दोनशेच्या कळपातली आत्याकडे सात मेंढरं उरली.

सातच का, तर तिचे दोन्ही गुडघे गेलेत म्हणून. आणि सात तरी का, तर म्होरकीमुळे.

म्होरकी म्हणजे कळपाच्या पुढे चालणारी मेंढी. आमची म्होरकी काळ्या तोंडाची, डावा कान फाटलेला, वागायला एकदम मुकादम. आत्या बांधावरच्या एका चपट्या दगडावर बसायची आणि तिथूनच जिभेनं एक आवाज काढायची. म्होरकी मान वर करायची, वळायची, आणि बाकीच्या सहा तिच्या मागं. लांब गेली तरी एका हाकेत परत. कुणाच्या कांद्यात शिरायची नाही, कुणाला शिरू द्यायची नाही. आत्याला उठावं लागायचं नाही. खरं म्हणजे आत्याचं चालणं म्होरकीच करत होती. माझा नवरा दरवर्षी एकदा मेंढरं विकायचा विषय काढायचा, आणि दरवर्षी आत्या एवढंच म्हणायची, "म्होरकी हाय तवर ऱ्हाऊ दे." मग विषय बंद. म्होरकी गेली की मेंढरं गेली, हे न बोलता ठरलेलं होतं.

आणि माझं काय? माझं खरं सांगायचं तर मला त्या मेंढरांचा वैताग होता. लग्न झालं त्या पहिल्याच वर्षी मी भांडून वाडग्याचं, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जागेचं, दार मागच्या बाजूला काढायला लावलं. ऑफिसला जाताना साडीला वास येतो म्हणून. त्या दिवसापासून आत्या मागून वळसा घालून जायची. गुडघे दुखायला लागले तरी वळसा घालूनच.

त्या शनिवारी माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. सकाळी निघताना आत्याला बाभळीखाली बघितलं होतं. काठी वर करताना तिचा तोल जात होता. आणि ऑफिसात पोचते तर गेटपाशी दहा काळ्या पिशव्या, ताज्या, आणि मशीनवाला मला विचारतो, "मॅडम, घास कहाँ भेजना है?" म्हणजे भिंतीपलीकडे आता जागाही उरली नव्हती.

मी ठेकेदाराला फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. लोकांची जनावरं शेंगांवर जगतायत आणि तुम्ही चारा कुजवताय, लाज कशी वाटत नाही. यातल्या चार पिशव्या मी घरी नेणार आणि बाकीच्याही गावात वाटणार. तो हसला. म्हणाला, "न्या की मॅडम, आमचा फेरा वाचला." त्याच्या हसण्याचाही मला राग आला. पण मी जिंकले होते, त्यामुळे सोडून दिलं.

आमच्या गावाकडे जाणारा टेम्पो सोमवारी होता. शनिवार दुपारपासून सोमवार संध्याकाळपर्यंत त्या पिशव्या तोंड आवळून भिंतीला लागून उन्हात बसल्या. मी रविवारी घरी कपडे धुतले, झोपले, उठले. मला पिशव्यांची आठवणही झाली नाही. मी, जी लहानपणी मेंढरांच्या मागं चालत शाळेतनं शाळेत बदलत गेले, तिला ओलं गवत दाबून ठेवलं की काय होतं हे सुचलं नाही. गवत म्हणजे गवत, एवढंच डोक्यात. धनगराच्या घरात जन्मून ही चूक करायची म्हणजे हद्द आहे, पण धनगराच्या घरात जन्मले म्हणूनच ती केली. दुसऱ्या कुणाला ते गवत घरी न्यावंसं वाटलंच नसतं.

सोमवारी टेम्पोनं चार पिशव्या अंगणात उतरवल्या; तेवढ्याच मावल्या, बाकीच्या कंपनीतच राहिल्या. मी स्कूटीवरून मागोमाग पोचले. आत्या भिंतीला धरून बाहेर आली, एका पिशवीची दोरी सोडली आणि हात कोपरापर्यंत आत घातला. हात तसाच आत ठेवला थोडा वेळ. मग मूठभर गवत बाहेर काढलं, नाकाला लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

"कुठनं आलं ह्ये?"

"कंपनीतनं. लॉनचं हाय. फेकत हुते मेले."

"तू आनलंस?"

"मग? भांडून आनलं."

"बरं केलंस," आत्या म्हणाली.

मी तिला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. ठेकेदाराला कसा झापला, तो कसा गप्प झाला. तो गप्प झाला नव्हता, हसला होता, पण ते मी सांगितलं नाही. आत्या ऐकत होती आणि हात लुगड्याला पुसत होती. मला वाटलं हिला गहिवरून आलंय. मी खूश होते. त्या घरात मी मेंढरांसाठी काहीतरी केलं आणि त्याचं कौतुक झालं, असा दिवस आधी कधी आला नव्हता.

मंगळवारी दुपारी बाराच्या सुमारास तिचा फोन आला. फोनवर ती कधीच फार बोलत नाही. "तू ये," एवढंच म्हणाली.

म्होरकी अंगणात पाय फाकून उभी होती. डावी कूस फुगून पाठीच्या कण्याच्या वर आली होती. दात करकर वाजत होते, तोंडाला फेस. आत्यानं तिच्या तोंडात लिंबाची काटकी आडवी बांधली होती, म्हणजे तोंड उघडं राहावं. पुढचे दोन्ही पाय ओट्यावर चढवले होते. गोडेतेल पाजून झालं होतं, तिच्या लुगड्यावर सगळं तेल सांडलं होतं. ती खाली बसून कूस चोळत होती. दुखऱ्या गुडघ्यांवर बसली होती. मी टिचकी मारून बघितली तर आतून रिकामा आवाज आला.

जनावरांच्या डॉक्टरांना मी तीनदा फोन केला. ते दोन गावं पलीकडे अडलेल्या गाईपाशी होते, तिला सोडून कसे येतील. आले तेव्हा म्होरकी आडवी झाली होती. त्यांनी सुई काढली, डोळा बघितला आणि सुई परत ठेवली. बाकीच्यांमधल्या दोन थोड्या फुगल्या होत्या, त्यांना औषध दिलं, त्या वाचल्या. कारण त्यांना कमी मिळालं होतं. कळपात म्होरकी आधी खाते. तिचं झाल्याशिवाय बाकीच्या तोंड घालत नाहीत.

डॉक्टरांनी पिशवीत बघितलं आणि मान हलवली. लॉनचं गवत बारीक कापलेलं असतं, म्हणाले, जनावर चावत नाही, नुसतं गिळतं. त्यात हे दोन दिवस कोंडून उबवलेलं. पोटात जाऊन आणखी आंबणार. "असलं गवत कधी घालू नये. ताई, हे तुम्हाला..." ते माझ्याकडे बघत बोलत होते, मग आत्याकडे वळले. "मावशी, तुम्हाला तर सांगायला नको." आत्या खाली बघत म्होरकीच्या तोंडातली काटकी सोडवत होती.

म्होरकीला आम्ही लिंबाखाली पुरलं. मी उरलेल्या पिशव्यांना लाथ घातली. मला त्या पेटवायच्या होत्या. आत्यानं काठी आडवी धरली. तिनं एकेक पिशवी ओढत नेली, गवत अंगणात पातळ पसरलं, उन्हात वाळवलं आणि वाळल्यावर उकिरड्यात मिसळलं. ज्या गवतानं म्होरकी मारली तेही तिनं फेकलं नाही. हे बघून मला इतका संताप आला की मी त्या दिवशी जेवले नाही. संताप कुणाचा ते विचारू नका. मलाही नीट सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. अर्धा तास मी बोलत होते. शेवटी तो एवढंच म्हणाला, "मॅडम, मागितलं तुम्हीच होतं." हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. पण खरं ऐकून राग उतरतो असं ज्यांनी म्हटलं असेल त्यांना राग माहीतच नसेल. तो आणखी चढतो. मी तशीच उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेले. वड्याचं तेल वांग्यावर, हे कळत होतं, तरी गेले.

"सर, शनिवारपासून मशीनच्या मागची पिशवी काढून टाकायची. कापलेलं गवत लॉनवरच पडेल."

"अहो, दिसेल कसं ते? पुढच्या आठवड्यात कस्टमरची व्हिजिट आहे."

"दोन दिवसांत मुरतं ते. खत होतं. आमच्याकडे मेंढरं रानात बसवतात ना सर, तसंच. ज्या जमिनीचं खाल्लं तिथंच सोडायचं."

"मॅडम, मेंढरांचा इथे काय संबंध?"

मी त्यांना संबंध सांगितला. किती मोठ्या आवाजात ते बाहेरच्या लोकांनी मला नंतर सांगितलं. काडी उरता कामा नये ही ओळ मी टाइप केली होती, आता मीच ती काढणार, हवं तर मला काढून टाका. साहेब म्हणाले, एकदा करून बघू. मशीनवाला तर खूश झाला, त्याचं अर्धं काम वाचलं. शनिवारी थोडं-थोडं कापून गवत जागच्या जागी सोडलं, सोमवारपर्यंत ते वाळून खाली बसलं, मंगळवारी शोधूनही दिसेना. व्हिजिटला आलेले पाहुणे गाडीतून उतरले ते मोबाइलमध्ये बघत आत गेले. लॉनकडे एकानंही मान वळवली नाही. इतकी वर्षं ज्यांच्यासाठी पिशव्या भरल्या, ते हे लोक.

भिंतीपलीकडे आता पिशवी पडत नाही. माझी जीत झाली. आणि घरी सहा मेंढरं वाडग्याच्या दारात येऊन थांबायची. पुढे कोण जाणार हे त्यांना कळत नव्हतं. आत्या दगडावरून आवाज द्यायची, सहाही माना वर व्हायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या. एकदा भेदरून शेजाऱ्यांच्या कांद्यात शिरल्या. आत्या उठून धावायला गेली आणि बांधावर पडली. गुडघा सुजून टम्म.

"आता विकू," नवरा म्हणाला. आवाज चढवून नाही, अगदी साधेपणानं. दरवर्षीचं ते उत्तर आता आत्याकडे नव्हतं.

"न्हाई विकायची," मी म्हणाले. "मी चालते म्होरं. त्यातली एखादी शिकंपर्यंत चालते."

तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला. आत्यानंही बघितलं. मी साडीच्या वासाचं बोलणारी बाई. पण मी खरंच चालू लागले, ऑफिसला निघायच्या आधी, रोज सकाळी. आत्या दगडावर, मी पुढे, मागे त्या सहा, कधी येणार, कधी थांबणार. आत्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "म्होरं चालणाऱ्यानं मागं बघायचं न्हाई. तू बघितलंस की त्यांना वाटतं, हिलाच ठाव न्हाई कुठं जायचं ते." मी मागे बघायची. त्या थांबायच्या. मी चिडायची. त्या आणखी थांबायच्या.

एका रविवारी सुट्टी होती, घाई नव्हती. निघायच्या आधी मी दगडापाशी आत्याजवळ बसले. डॉक्टरांचं आत्याला म्हटलेलं ते वाक्य इतके दिवस माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

"आत्या, तुमी पिशवीत हात घातला तवा कसं लागलं?"

ती मेंढरांकडे बघत होती. "गरम."

"लई?"

"हात शेकून निघाला."

"आन् वास?"

"आंबूस."

"म्हंजी तुमाला कळलं हुतं."

"तीस वर्सं मेंढरं राखली. न कळायला काय झालं."

माझा आवाज चढला. "मग घातलं कशाला? मला का न्हाई सांगितलं?"

आत्यानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "वीस वर्सांत पयल्यांदा तू माझ्या मेंढरांसाठी कायतरी आनलंस. हसत आनलंस. म्हनलं, थोडं घालू, काय हुत न्हाई. पुन्हा आनशील तवा चांगलं आनायला सांगू." मग म्हणाली, "तवाच न्हाई म्हनले असते, तर पुन्हा आनलं असतंस व्हय?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण तिला माझा राग माहीत आहे, त्या मागच्या दारापासून माहीत आहे. मी फणकारून आत गेले असते, आणि पुन्हा त्या वाडग्याकडे फिरकले नसते. मला तिचा राग आला. एवढा राग मला ठेकेदाराचा आला नव्हता, साहेबांचा आला नव्हता. जिचे पायच ती मेंढी होती, तिनं माझं मन राखायला तिला तसलं गवत घातलं, आणि आजवर एका शब्दानं ते मला सांगितलं नाही. मी विचारलं नसतं तर कधीच सांगितलं नसतं. मला तिच्यावर ओरडायचं होतं.

"ऊठ," आत्या म्हणाली. "ऊन चढतंय. म्होरं हो."

मी उठले आणि पुढे चालायला लागले. मागून तिचा तो जिभेचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं खुरांचा. मागे बघायचं नव्हतं, ते एक बरं झालं.